तिसगावची गच्ची: दोन थर टाइल, दोन पाइप आणि एक तोंडी गॅरंटी



गच्चीच्या उतारावरचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात पाणसाळ कशी लावायची, वाटा कसा काढायचा, पाइपाचं तोंड कुठं ठेवायचं हे दाखवलं. पण पैशाचं आणि चुकांचं बोलणं मी एडिटिंगमध्ये कापलं. खरं सांगायचं तर त्यातली एक चूक माझी होती आणि कॅमेऱ्यासमोर ती बोलताना जीभ अडखळली. लिहायला सोपं जातं, म्हणून इथं लिहितो.

गच्ची तिसगावची. नगरहून (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय) पाथर्डीकडे निघालं की करंजी घाट उतरल्यावर हे बाजारपेठेचं गाव लागतं. मढी जवळ, वृद्धेश्वर जवळ. घर एका निवृत्त शिक्षकांचं. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. स्लॅब १९९६ चा. आणि काम करणारा मुलगा माझ्या ऑनलाइन बॅचचा विद्यार्थी, त्याच गावचा, गवंड्याचा मुलगा. चौथीपर्यंत गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला.

या मुलानं २०२४ च्या मे महिन्यात गुरुजींच्या गच्चीला वॉटरप्रूफिंगचा कोट मारला होता. चौरस फुटाला ३५ रुपये. गच्ची ३४ बाय ३२, म्हणजे १,०८८ चौरस फूट. बिल ३८ हजार. "पाच वर्षं काही होत नाही गुरुजी," असं तोंडी सांगितलं. पहिला पावसाळा कसाबसा निघाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाथर्डी तालुक्यात पावसानं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. लोकांची शेतं खरवडून गेली, त्यापुढं एका हॉलचं छत गळणं म्हणजे काहीच नाही. पण गुरुजींच्या हॉलमध्ये पातेली मांडायची वेळ आली, आणि पाऊस थांबल्यावरही सहा-सात दिवस थेंब पडतच होते.

मुलानं मला फोन केला. "सर, काय करू? परत एक कोट मारून देऊ का फुकटात?"

मी म्हटलं, थांब. मी येतो.

माझी चूक

त्याला ३५ रुपयांचा हिशेब कुणी शिकवला? मी. "कमी भांडवलात वॉटरप्रूफिंगचा धंदा" असा एक जुना व्हिडिओ होता माझा. त्यात मी फळ्यावर मांडलं होतं: एवढा माल, एवढी मजुरी, चौरस फुटामागं दहा रुपये सुटतात, महिन्याला दहा गच्च्या, झाले लाखभर. गणित बरोबर होतं. पण आधी गच्ची तपासायची, आणि कोट मारून चालण्यासारखी नसेल तर नाही म्हणायचं, हे त्या व्हिडिओत कुठंच नव्हतं. तो व्हिडिओ मी आता काढून टाकलाय. ज्यांनी तो बघून काम सुरू केलं असेल त्यांनी पुढचं नीट वाचा.

दिवाळी झाल्यावर तिसगावला गेलो. गुरुजींनी चहा दिला, रागाचा एक शब्द नाही. ते जास्त टोचलं. वर जाताना एवढंच म्हणाले, "मुलगा कष्टाळू आहे. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण गाव लहान आहे, छत कुणी बघितलं नाही असं होत नाही."

गावात काम करणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. आठवडे बाजारात भाजी घेता घेता तुमच्या कामाचा निकाल लागतो.

गच्चीवर काय दिसलं

वर पाऊल टाकल्या टाकल्या लक्षात आलं की हा जिना एक पायरी "हरवलेला" आहे. दाराचा उंबरा आणि गच्चीची फरशी जवळजवळ एका पातळीत. मूळ स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर तुकडा टाइल, म्हणजे चायना मोझॅक. २०११ मध्ये ती जागोजागी उखडली म्हणून तिच्यावरच मसाला टाकून सिमेंटच्या नक्षीच्या टाइल बसवल्या. त्या दोन थरांवर आपल्या विद्यार्थ्याचा पांढरा कोट, आणि त्याला आलेले पापडासारखे फुगे.

फुगे का येतात? कोबा म्हणजे स्पंज. विटा पाणी पितात. वरून कोट मारून तोंड बंद केलं तर आतलं पाणी जाणार कुठं? उन्हानं त्याची वाफ होते आणि ती कोट उचलते. एकदा उचलला की फाटतो, फाटला की पुढच्या पावसाचं पाणी आत जातं आणि आता त्याला बाहेर पडायचीही वाट राहत नाही, फक्त खाली. शिवाय टाइलचे सांधे ऊन-थंडीत हलतात, कोट तिथंच चिरतो. माल वाईट नव्हता. चुकीच्या जागी मारला होता.

इथं एक खूण सांगतो, ती वहीत लिहून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत छत गळायला लागलं तर पाइपाचा सांधा, उघडी चीर किंवा कठड्याचा कोपरा बघा. पाण्याला सरळ वाट सापडलीय. पण पाऊस थांबून चार-सहा दिवस झाले आणि तरी ठिबकतंय, तर कोबा भरलेला आहे. अशा गच्चीवर कुठलाही कोट, कुठल्याही कंपनीचा, मारू नका. गिऱ्हाईक पैसे घेऊन मागं लागलं तरी मारू नका.

आणि आत ज्या जागी डाग दिसतो त्याच्या बरोबर वर छिद्र असेलच असं नाही. कोब्यातून पाणी स्लॅबच्या खळग्याकडे सरकत जातं. गुरुजींचा डाग हॉलच्या मध्यावर होता, पाणी शिरत होतं पूर्वेच्या कठड्याच्या कोपऱ्यातून, आठ-नऊ फूट लांब.

आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं आणि अर्धा तास गप्पा मारत बसलो. मग जिथं जिथं पाणी साचून राहिलं त्याच्या कडेनं खडूनं रेघ ओढली. खडू गुरुजींनीच घरातून आणून दिला, पेटीत अजून होते. चार मोठी डबकी निघाली. सगळ्यात मोठं पाण्याच्या टाकीच्या ओट्यामागं. हजार लिटरची टाकी नंतर बसवली, तिचा विटांचा ओटा बरोबर उताराच्या वाटेत बांधलेला. दुसरं, थेट पाइपाच्या तोंडाशी! २०११ च्या टाइल बसवणाऱ्यानं पाइपाभोवती मसाला जास्त भरला होता, त्यामुळं तोंड आजूबाजूच्या फरशीपेक्षा वर आलं होतं आणि आतून निम्मं बुजलंही होतं.

गच्चीला पाइप किती? दोन. तीन इंची. दोन्ही पश्चिमेला, मागच्या बोळात.

पाइपाचं गणित

आपल्याकडं लोक म्हणतात, हा दुष्काळी भाग, इथं पाऊस असतोच किती? दोन पाइप बास झाले. वर्षाचा पाऊस कमी असतो हे खरं. पण पाइपाला वर्षाशी देणंघेणं नाही. त्याला त्या एका तासाचं पाणी न्यायचंय. करंजी-तिसगावच्या बाजूला परतीचा पाऊस कोसळतो तेव्हा तासाभरात किती पडतो ते २०२५ ला बघितलंच.

छतावरच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस २५२७. त्यात पाइपाचा व्यास आणि पावसाचा जोर यांचं कोष्टक दिलंय. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची उभा पाइप २०.४ चौरस मीटर छपराचं पाणी नेतो. १०० मिलिमीटरचा, चार इंची, ४२.७ चौरस मीटरचं. आपल्या भाषेत तीन इंचीला २२० चौरस फूट आणि चार इंचीला ४६०. एका इंचाच्या फरकानं दुपटीपेक्षा जास्त पाणी जातं. गंमत म्हणजे तीन इंचाचे दोन पाइप मिळून चार इंचाच्या एका पाइपाएवढंही काम होत नाही.

हे मी बोललो तेव्हा गुरुजी आपल्या विद्यार्थ्याकडं बघून म्हणाले, "वर्तुळाचं क्षेत्रफळ चौथीत नव्हतं, म्हणून तुला माफ."

गुरुजींची गच्ची १०१ चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला १०,१०० लिटर, मिनिटाला साधारण १६८ लिटर. दोन तीन-इंची पाइपांची ताकद जेमतेम ४४० चौरस फुटांची, तीही तोंडं साफ असतील तर. इथं तोंडं निम्मी बुजलेली. मग उरलेलं पाणी गच्चीवर उभं राहणार, कठड्याच्या चिरा शोधणार. दोन इंच पाणी साचलं तर स्लॅबवर पाच टन वजन बसतं, हेही लक्षात असू द्या.

कोष्टकाप्रमाणं तीन चार-इंची पाइप पुरले असते. आम्ही चार ठरवले, दोन पश्चिमेला आणि दोन पूर्वेला, कारण कावळा कधी हाड आणून टाकेल आणि वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी कधी जाळीवर बसेल याचं कोष्टक नसतं.

पूर्व म्हणजे घराची दर्शनी बाजू. इथं काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या मंडळींनी, काम अडवलं. "समोरच्या भिंतीवर पाइप? घराचा चेहरा आहे तो." मुलगा त्यांना गणित सांगायला लागला. मी त्याला कोपरखळी मारली. गिऱ्हाइकाची अशी हरकत गणितानं सुटत नाही. शेवटी पाइप खांबाच्या कोपऱ्यात दडवले, भिंतीच्याच रंगानं रंगवले आणि काकूंना खालून तीन वेळा दाखवले तेव्हा होकार आला.

उतार दोन बाजूंना काढला की दुसरा फायदा असा. आधी ३४ फुटांचा एकच उतार होता; शंभराला एक धरला तरी एका टोकाला चार इंच जास्त जाडी लागते. मध्ये कणा ठेवून दोन्हीकडं १७-१७ फूट उतार दिला की दोन इंचात भागतं. सरासरी एक इंच कोबा वाचला. १०१ चौरस मीटरवर एक इंच म्हणजे सुमारे पाच टन. तीस वर्षांच्या स्लॅबच्या डोक्यावरून पाच टन उतरले. उताराचा हा विचार गवंडी करत नाहीत, ठेकेदारानं करायचा असतो.

माळवदाचं पन्हळ

जेवताना गुरुजी गावठाणातल्या जुन्या घराचं सांगत होते. ते माळवद होतं. आपल्याकडच्या तरुण पोरांना आता हे बघायला मिळत नाही, म्हणून सांगतो. लाकडी तुळया, त्यावर किलच्या-फळ्या, वर पाला किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर जाड पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी मृगाच्या आधी गाढवावर नाहीतर गाडीतून पांढरी आणायची, पसरायची, धोपटायची. गवत उगवू नये म्हणून काही लोक मिठाचा वापर करत. आणि पाणी काढायला कठड्यातून बाहेर आलेलं पन्हळ, भिंतीपासून चांगलं हात-दीड हात पुढं, म्हणजे धार भिंतीला शिवतही नसे.

गुरुजी म्हणाले, "वडील वर्षाला माळवदावर चढायचे. मी या स्लॅबवर तीस वर्षांत पाइप साफ करायला चढलो नाही. स्लॅब म्हणजे झालं, असं वाटलं."

पन्हळाची ही कल्पना आम्ही उचलली. प्रत्येक बाजूला फरशीपासून दोन इंच वर कठड्यातून एक आडवा पाइपाचा तुकडा काढला, बाहेर फूटभर पुढं. नेहमी तो कोरडा. पण खालचा पाइप तुंबला तर पाणी त्यातून धार लावून अंगणात पडणार आणि घरातल्यांना कळणार की वर काहीतरी अडकलंय. खर्च किती? दोन तुकडे आणि दोन भोकं. तुमच्या प्रत्येक कामात हे करा, गिऱ्हाईक विसरत नाही.

मागच्या बोळातल्या पाण्याचाही प्रश्न होता. जुन्या पाइपांचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर उडायचं, त्यावरून वर्षाला एकदा बोलाचाली ठरलेली. पागोळीवरून भांडणं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पाइप जमिनीपर्यंत आणून गटारीला जोडला तेव्हा शेजारी स्वतः बघायला आला, आणि जाताना आपल्या गच्चीचं काय करता येईल ते विचारून गेला.

तोडफोड आणि ट्रॉल्यांचा घोटाळा

काम डिसेंबरमध्ये सुरू केलं. इथं वेळेचं सांगतो. लोक मे महिन्यात जागे होतात. मेमध्ये आपल्याकडं ऊन काय असतं ते सांगायला नको; सिमेंटचं काम दुपारपर्यंत कडक होऊन चिरतं. आणि क्युरिंगला पाणी? टंचाईच्या वर्षी पाथर्डी तालुक्यात प्यायला टँकर लागतो, गच्चीवर कोण ओतणार? दिवाळी ते शिवरात्र हा या कामाचा खरा हंगाम. त्यातून गुरुजींची अट होती, होळीपासून मढीची यात्रा सुरू होते, पाडव्यापर्यंत पाहुण्यांची ये-जा असते, त्याआधी घर मोकळं पाहिजे.

आधी पाथर्डीहून इंजिनिअर बोलावले. स्लॅब खालून-वरून ठोकून बघितला. हॉलच्या मध्यावर साधारण चार बाय तीन फुटांत सळई गंजून प्लास्टर सुटलेलं होतं, बाकी ठीक. हे पैसे वाचवू नका. छताला पोट आलं असेल, सळया उघड्या दिसत असतील तर तुमचा आणि गवंड्याचा अंदाज पुरत नाही.

टाइल आणि कोबा छिन्नी-हातोडीनं काढला. मोठा ब्रेकर लावला तर काम दोन दिवसांत होतं, पण त्याच्या हादऱ्यानं जुन्या स्लॅबला नव्या चिरा जातात. राडारोडा स्लॅबच्या मध्यावर ढीग करून ठेवायचा नाही, रोजचा रोज खाली. इथं आपला विद्यार्थी फसला. कोटेशनमध्ये त्यानं पाच ट्रॉल्या धरल्या होत्या, एक ब्रासची ट्रॉली, १,८०० रुपये खेप. कशा धरल्या? अंदाजानं. चला, आता मोजू. कोबा सरासरी पाच इंच, दोन्ही टाइल मसाल्यासकट अडीच इंच, एकूण साडेसात इंच. १,०८८ चौरस फुटांवर ते होतात ६८० घनफूट, म्हणजे ६.८ ब्रास. पण तोडलेला माल सैल होतो, फुगतो. दीडपटीच्या आसपास धरा. नऊ ट्रॉल्या पूर्ण आणि दहावीत थोडं. दहा खेपांचे १८ हजार, धरलेले ९ हजार. नऊ हजारांचा फटका, तोही पहिल्याच आठवड्यात.

गुरुजींकडं वाढीव पैसे मागू का, म्हणून विचारलं त्यानं. मी म्हटलं, तुझी मोजणी चुकली, त्यांची नाही. न मागितलेलं बरं.

कोबा निघाला आणि स्लॅब उघडा झाला तेव्हा तो आठ दिवस नुसता उन्हात ठेवला. मजूर रिकामे, मुलगा अस्वस्थ. पण ओल्या स्लॅबवर काम म्हणजे पहिल्या चुकीचीच दुसरी आवृत्ती. वाळल्यावर चिरा व्ही आकारात उघडून पॉलिमरच्या मसाल्यानं भरल्या, खालून गंजलेल्या सळया तारेच्या ब्रशनं चकचकीत करून गंजरोधक लावलं आणि तोही भाग भरला. चार इंची भोकं कोअर कटरनं पाडली. पाइपाभोवतीची फट साध्या सिमेंटनं भरू नका, ते आकसतं. न आकसणारा ग्राउट मिळतो तो वापरा. दहापैकी निम्म्या गच्च्या पाइपाच्या या गोल फटीतूनच गळतात असं माझं मत आहे.

मग कठड्याला वाटा. फरशी आणि भिंत काटकोनात भेटली की तिथं चीर ठरलेलीच. त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई काढली. त्यावरून स्लॅबला दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि कठड्यावर फूटभर वर चढवलेलं. कोट तोच, ज्यानं आधी दगा दिला होता. या वेळी तो कोरड्या स्लॅबला चिकटला होता, टाइलच्या डोक्यावर नव्हता.

गुरुजींना सोलर बसवायचंय. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून गावोगावी हे चाललंय आणि बसवणारे येऊन खुशाल फरशीत ड्रिल मारून जातात. वॉटरप्रूफिंग संपलं तिथंच! म्हणून स्टँडच्या पायांसाठी काँक्रीटचे छोटे ठोकळे आधीच स्लॅबवर उभे केले आणि कोटिंग त्यांच्यावर चढवलं. पाण्याच्या टाकीचा ओटाही उताराच्या वाटेतून काढून जिन्याच्या खोलीवर नेला.

टाकीतलं पाणी क्युरिंगला नको म्हणून पाच हजार लिटरचा एक टँकर मागवला. पाइपांची तोंडं बंद केली, दोन इंच पाणी भरलं, ४८ तास ठेवलं. गंमत बघा, १०१ चौरस मीटरवर दोन इंच म्हणजे साधारण पाच हजार लिटरच. त्या दोन रात्री मुलगा झोपला नाही. सकाळी सहाला गुरुजींचा फोन: "छत कोरडं आहे. तू झोप आता."

वर उताराचा कोबा, पाइपाशी दोन इंच, कण्यावर साडेचार-पाच. त्यावर पुन्हा चायना मोझॅक, पांढरीच. ऊन परत फेकते, उताराबरोबर वळते, मोठ्या टाइलसारखी कडा उचलत नाही. काकूंनी हात फिरवून बघितला. कुरडया, सांडगे, बाजरी सगळं वाळवण इथंच होतं, टोचलं तर चालणार नाही. म्हणून तुकड्यांच्या कडा घासून घेतल्या. दर दहा फुटांवर सांधा सोडून त्यात रबरासारखं राहणारं सीलंट भरलं. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता केला.

हिशेब

नव्या कामाचं कोटेशन २,६४,००० रुपयांचं होतं. ते देण्याआधी मी मुलाला मागच्या बिलाचा कागद काढायला लावला. ३८ हजारांपैकी माल २०,५००, मजुरी ६,५००, त्याच्या हातात उरले ११ हजार. तो म्हणाला, "सर, सगळे ३८ परत द्यायला पाहिजेत." भावना चांगली, पण इतके त्याच्याकडं नव्हते, आणि कर्ज काढून दिले असते तर हे काम उधारीच्या मालावर झालं असतं. शेवटी त्याचे ११ हजार नव्या बिलातून वजा करायचं ठरलं. तो गुरुजींसमोर बसला आणि सांगितलं: मागचं काम मी न तपासता केलं, त्यातला माझा नफा मी ठेवत नाही. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे कागदावर लिही. आणि गॅरंटीही लिही. तोंडी आता नको."

गॅरंटी अशी लिहिली: स्लॅबमधून गळती झाली तर तीन वर्षं स्वखर्चानं दुरुस्ती. गच्चीत कुणी ड्रिल मारलं किंवा जाळ्या साफ न केल्यानं पाणी तुंबलं तर नाही. मृगाआधी एक आणि दसऱ्याआधी एक अशा वर्षातून दोन भेटी तो मोफत देणार. पैसे चार टप्प्यांत: सुरुवातीला ३० टक्के, तोडफोड आणि स्लॅब दुरुस्तीनंतर ३०, पाण्याच्या चाचणीनंतर ३०, आणि शेवटचे १० टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. हा शेवटचा टप्पा त्यानंच सुचवला, मी नाही. दहा टक्के म्हणजे २६,४०० रुपये. ११ हजार वजा झाले, ट्रॉल्यांत ९ हजार गेले, आता हे २६ हजार पावसाच्या हातात. या कामात त्याचा नफा किती, हे विचाराल तर तो सध्या गच्चीवरच आहे.

आता तो गच्ची बघायला जायचेच हजार रुपये घेतो, काम मिळालं तर बिलातून वजा. पहिल्या महिन्यात तीन लोक यावर नाराज झाले, दोघांनी दिले. त्यातल्या एकाला त्यानं सांगितलं, तुमची गच्ची ठीक आहे, फक्त पाइपाचं तोंड साफ करा. तो माणूस आता त्याची जाहिरात करत फिरतोय.

एक गोष्ट बाकी आहे. पूर्वेच्या दोन पाइपांचं पाणी अंगणात टाकी बांधून साठवायचं गुरुजींच्या डोक्यात आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी पूर्ण गच्चीचं ४० हजार लिटर होतं, पूर्वेच्या निम्म्या भागाचं २० हजार. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला एक वेगळी तोटी आणि पुढं वाळू-खडीची गाळणी लागेल. टाकी केवढी करायची यावर गुरुजी आणि काकूंचं अजून जमलेलं नाही. काकूंना त्या जागेत जास्वंद हवीय. ठरलं की मापं टाकतो.